डेटाबेस-भाषांतील आज्ञामर्यादा

संगणकात साठविलेल्या नोंदी शोधणे, निवडणे, बदलणे व त्यांचे गोषवारे काढणे यांसाठी खास तयार केलेल्या भाषांना डेटाबेस-भाषा म्हणतात. अशा भाषेतील एखादी आज्ञा किती लांब असू शकते, तिच्यात किती मूल्ये, तक्ते व रकाने घेता येतात, अटींची घडण किती खोल असू शकते यांवर बंधने असतात. या बंधनांना आज्ञामर्यादा म्हणतात. त्यांपैकी काही भाषेबरोबर मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या असतात. काही दिलेल्या नसतात किंवा अशा रीतीने दिलेल्या असतात की, प्रत्यक्ष कामात त्याआधीच दुसरी मर्यादा आड येते. अशा मर्यादांना प्रस्तुत नोंदीत अलिखित मर्यादा म्हटले आहे. व्याकरणदृष्ट्या निर्दोष आज्ञा केवळ आकारामुळे नाकारली जाणे, हा अशा मर्यादेचा सौम्य परिणाम होय. आज्ञा स्वीकारली जाऊन तिचा किंवा तिच्या उत्तराचा काही भाग निमूटपणे गाळला जाणे, हा गंभीर परिणाम होय. कारण मिळालेले उत्तर अपुरे असूनही पूर्ण दिसते व पुढील निर्णय त्याच्या आधारे घेतले जातात. म्हणून या मर्यादांच्या निदानात ‘आज्ञा चालली का’ या प्रश्नापेक्षा ‘आज्ञा पूर्ण चालली का’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

इतिहास : लहान संगणकांवरील डेटाबेस-भाषांत डीबेस व तिच्यापासून निघालेल्या भाषांचे कुल विशेष प्रसार पावले. कॅलिफोर्नियातील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी या संस्थेत काम करणारे वेन रॅटलिफ यांनी १९७८ च्या सुमारास ‘व्हल्कन’ ही प्रणाली तयार केली. ॲश्टन-टेट या कंपनीने ती पुढे ‘डीबेस टू’ या नावाने विक्रीस आणली. त्यानंतर डीबेस थ्री (१९८४) व डीबेस फोर (१९८८) या आवृत्त्या आल्या. ॲश्टन-टेट ही कंपनी १९९१ मध्ये बोर्लंड या कंपनीने विकत घेतली. याच भाषेचे अनुकरण करून फॉक्स सॉफ्टवेअर या कंपनीने फॉक्सबेस व फॉक्सप्रो या प्रणाली तयार केल्या. १९९२ मध्ये ही कंपनी मायक्रोसॉफ्टकडे गेली व १९९५ मध्ये ‘व्हिज्युअल फॉक्सप्रो’ ही प्रणाली बाहेर पडली. तिची नववी आवृत्ती २००४ च्या अखेरीस आली. पुढील आवृत्ती काढली जाणार नाही, असे २००७ मध्ये जाहीर झाले आणि निर्मात्याकडून मिळणारे साहाय्य २०१५ मध्ये संपले. या भाषांतील जुन्या आज्ञावली मात्र त्यानंतरही वापरात राहिल्या.

दुसरी परंपरा एसक्यूएल या भाषेची होय. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानावर आधारलेली ही भाषा डॉनल्ड चेंबर्लिन व रेमंड बॉइस यांनी आयबीएम कंपनीत १९७४ च्या सुमारास रचली. १९८६ मध्ये तिला अमेरिकेत प्रमाणभाषेचा दर्जा मिळाला. तथापि या प्रमाणात आज्ञांचे व्याकरण व अर्थ ठरवून दिलेले असले, तरी मजकूर किती मोठा असावा इ. आकारविषयक गोष्टी बऱ्याच अंशी प्रणाली तयार करणाऱ्यावर सोपविल्या आहेत. त्यामुळे एका प्रणालीत चालणारी आज्ञा, एकही अक्षर न बदलता, दुसऱ्या प्रणालीत अडते.

मर्यादांची कारणे : बहुतेक मर्यादा पुढील पाच कारणांपैकी एखाद्यातून उद्‌भवतात.

(१) फाइलीची मांडणी : एका बाइटमध्ये ० ते २५५ व दोन बाइटांत ० ते ६५,५३५ या संख्या मावतात. चार बाइटांत, ऋण संख्याही धरल्यास, २,१४,७४,८३,६४७ पर्यंतची संख्या मावते. डीबेस टूच्या फाइलीचे शीर्ष ५२१ बाइटांचे होते : सुरुवातीची माहिती ८ बाइट, प्रत्येकी १६ बाइटांची ३२ रकान्यांची वर्णने व शेवटी एक खूण. म्हणून एका तक्त्यात ३२ पेक्षा अधिक रकाने घेता येत नसत; तसेच नोंदींची संख्या दोन बाइटांत लिहिलेली असल्यामुळे ती ६५,५३५ च्या पुढे जात नसे. डीबेस थ्रीमध्ये नोंदींच्या संख्येसाठी चार बाइट दिले गेले व रकाने १२८ झाले. मात्र रकान्याच्या नावासाठी ११ बाइट (१० वर्ण व समाप्तीची खूण) व रकान्याच्या रुंदीसाठी एकच बाइट होता. अक्षरी रकान्याची २५४ वर्णांची मर्यादा या एका बाइटाची आठवण करून देते.

(२) ठरावीक आकाराची जागा : आज्ञा वाचताना तिचे घटक ठेवण्यासाठी स्मृतीत आधीच जागा राखून ठेवतात. पोस्टग्रेएसक्यूएल या प्रणालीत नावासाठी ६४ बाइट राखलेले असून त्यांतील एक समाप्तीच्या खुणेला जातो. म्हणून नाव नेहमीच्या बांधणीत ६३ बाइटांपुरते मर्यादित राहते.

(३) अंतर्गत गणनपद्धती : एसक्यूलाइट या प्रणालीत एका जोडणीत ६४ पेक्षा अधिक तक्ते घेता येत नाहीत. कोणकोणते तक्ते विचारात घेतले, याची खूण ती ६४ बिटांच्या एका संख्येत प्रत्येक तक्त्यासाठी एक बिट याप्रमाणे ठेवते, हे त्याचे कारण होय.

(४) अटींची खोली : कंसात कंस असलेली अट उलगडताना प्रत्येक पातळीसाठी थोडी स्मृती खर्च होते. ती संपल्यास संपूर्ण प्रणाली कोसळू शकते, म्हणून खोलीवर बंधन घालतात. एसक्यूलाइटमध्ये ते साधारणतः १,००० पातळ्यांचे असते.

(५) देवाणघेवाणीचे संकेत : आज्ञा एका संगणकावरून दुसऱ्याकडे पाठविताना मूल्यांची संख्या दोन बाइटांत लिहिली जात असल्यास एका आज्ञेबरोबर ६५,५३५ पेक्षा अधिक मूल्ये पाठविता येत नाहीत, मग पलीकडची प्रणाली कितीही समर्थ असो.

मर्यादा अलिखित का राहतात : माहितीपुस्तिकेत मर्यादा एकेकट्या दिलेल्या असतात; प्रत्यक्षात त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. व्हिज्युअल फॉक्सप्रोच्या माहितीपुस्तिकेप्रमाणे एका तक्त्यात १ अब्ज नोंदी मावतात. परंतु फाइलीचा आकार २ गिगाबाइटपेक्षा, म्हणजे सु. २१४ कोटी ७४ लाख बाइटांपेक्षा, अधिक होऊ शकत नाही. त्यामुळे १ अब्ज नोंदी मावण्यासाठी प्रत्येक नोंद अवघ्या दोन बाइटांची असावी लागेल व त्यांतील एक बाइट ‘नोंद रद्द’ या खुणेसाठीच जाईल. नोंद २०० बाइटांची असल्यास तक्ता सु. १ कोटी ७ लाख नोंदींना भरतो. दोन्ही आकडे पुस्तिकेत असूनही त्यांच्या संयोगातून निघणारी खरी मर्यादा वापरणाऱ्याला स्वतः काढावी लागते. याच भाषेत तक्त्याला २५५ रकाने असू शकतात. पण एखादा रकाना रिकामा ठेवण्याची मुभा दिल्यास ही संख्या २५४ होते, कारण रिकामेपणाच्या खुणा ठेवण्यासाठी प्रणाली एक अदृश्य रकाना वापरते.

दुसरे कारण असे की, आज्ञा नेहमी माणूसच लिहितो असे नाही. पुष्कळ रकाने असलेल्या तक्त्यातील नोंद बदलताना, दरम्यान दुसऱ्या कोणी ती बदलली आहे का हे पाहण्यासाठी, काही मांडणींत प्रणाली स्वतःच अनेक रकान्यांच्या जुन्या किंमती तपासणारी लांबलचक अट तयार करते. वापरणाऱ्याला आपली आज्ञा साधी वाटते. पण तिच्यामागे तयार झालेली अट गुंतागुंतीची मर्यादा ओलांडते. व्हिज्युअल फॉक्सप्रोमध्ये ही मर्यादा ‘सिस ३०५५’ या क्रमांकाच्या फलनाने ठरविता येते. तिची मूळ किंमत ३२० असून ती २,०४० पर्यंत वाढविता येते.

तिसरे कारण आवृत्तिबदल हे होय. व्हिज्युअल फॉक्सप्रोच्या आठव्या आवृत्तीपर्यंत एसक्यूएल आज्ञेतील ‘इन’ या शब्दापुढील यादीत २४ मूल्येच घेता येत. नवव्या आवृत्तीत ही संख्या काढून टाकून ती गुंतागुंतीच्या वरील मर्यादेवर अवलंबून ठेवण्यात आली. एसक्यूलाइटमध्ये एका आज्ञेतील बदलत्या मूल्यांची मर्यादा ९९९ होती. ती २०२० मधील ३.३२.० या आवृत्तीपासून ३२,७६६ झाली. जुनी पुस्तिका पाहून नव्या आवृत्तीवर किंवा नवी पुस्तिका पाहून जुन्या आवृत्तीवर काम करणाऱ्याच्या दृष्टीने लिखित मर्यादाही अलिखितच ठरते.

लक्षणे : मर्यादा ओलांडली असता प्रणाली चार प्रकारे वागते.

पहिल्या प्रकारात स्पष्ट सूचना मिळते. ओरॅकल या प्रणालीच्या बऱ्याच आवृत्त्यांत ‘इन’ यादीत १,००० हून अधिक मूल्ये दिल्यास मर्यादेचा आकडा सांगणारी सूचना येते. येथे निदानाचा प्रश्नच उरत नाही.

दुसऱ्या प्रकारात सूचना मिळते, पण ती दिशाभूल करणारी असते. व्हिज्युअल फॉक्सप्रोमध्ये चलात १,६७,७७,१८४ वर्णांचा मजकूर ठेवता येतो. परंतु आज्ञावलीत अवतरणचिन्हांत थेट लिहिलेला मजकूर २५५ वर्णांपेक्षा मोठा चालत नाही. तो मोठा झाल्यास मिळणारी सूचना लांबीविषयी नसून वाक्यरचनेतील दोषाविषयी असते. त्यामुळे आज्ञा लिहिणारा नसलेला स्वल्पविराम शोधत बसतो.

तिसऱ्या प्रकारात आज्ञा सुरळीत पार पडल्यासारखी दिसते व काही भाग गळतो. फॉक्सप्रोच्या जुन्या आवृत्त्यांत चलाच्या नावातील पहिले १० वर्णच विचारात घेतले जात. पहिले १० वर्ण समान असलेली दोन लांब नावे म्हणजे प्रणालीच्या लेखी एकच चल. दुसऱ्यात रक्कम ठेवताच पहिल्यातील रक्कम नाहीशी होई. मायएसक्यूएल प्रणालीत अनेक नोंदींतील मजकूर एका ओळीत जोडणारे फलन मूळ मांडणीत १,०२४ बाइटांनंतरचा भाग तोडते. त्याबद्दल केवळ इशारा नोंदविला जातो व तो मागून पाहिला नाही, तर कळत नाही. मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरमध्ये मर्यादित लांबीच्या प्रकारातील दोन मजकूर जोडले असता बेरीज ८,००० बाइटांवर तोडली जाते, मग ती ज्या चलात ठेवायची ते कितीही मोठे असो. एखादी लांब आज्ञा तुकडे जोडून तयार केली जात असेल, तर या तोडण्याचा परिणाम भयंकर होऊ शकतो. बदल करणारी आज्ञा नेमकी ‘व्हेअर’ या अटीच्या आधी तुटली, तर उरलेला भाग व्याकरणदृष्ट्या शुद्ध असतो व एका नोंदीऐवजी तक्त्यातील सर्वच नोंदी बदलतो.

चौथ्या प्रकारात आज्ञा कधी चालते, कधी अडते. अशा वेळी मर्यादा आज्ञेत नसून उपलब्ध स्मृती, एकाच वेळी उघडलेल्या फाइली किंवा इतर वापरणाऱ्यांचे काम यांत असते.

निदान : निदानाचे काम मूळ माहितीवर कधीही करीत नाहीत, तिची प्रत काढून त्या प्रतीवर करतात. पुढील क्रम उपयुक्त ठरतो.

प्रथम दोष व्याकरणाचा की आकाराचा, हे ठरवितात. आज्ञेची घडण तीच ठेवून मूल्ये, रकाने किंवा अटी कमी करतात. लहान रूप चालले व मोठे अडले, तर दोष आकाराचा असण्याचा संभव मोठा असतो. तथापि गाळलेल्या भागातच एखादे सदोष मूल्य असू शकते. म्हणून गाळलेला भाग स्वतंत्रपणेही चालवून पाहतात. दोन्ही अर्धे वेगवेगळे चालतात व एकत्र चालत नाहीत, असे दिसल्यावरच मर्यादेचा निष्कर्ष काढणे योग्य होय.

त्यानंतर मर्यादेची नेमकी जागा द्विभाजनाने शोधतात. उदा., १,००० मूल्यांची यादी चालते व ५,००० मूल्यांची चालत नाही, असे असल्यास ३,००० मूल्ये घेऊन पाहतात; ती चालल्यास ४,००० व न चालल्यास २,००० घेतात. प्रत्येक प्रयोगात शंकित अंतर निम्मे होत असल्यामुळे ४,००० चे अंतर १२ प्रयोगांत एका मूल्यावर येते. एकेक मूल्य वाढवीत गेल्यास हजारो प्रयोग करावे लागले असते.

सापडलेल्या आकड्यावरून कारणाचा माग लागतो. आकडा २५५, ३२,७६७, ६५,५३५ किंवा २,१४,७४,८३,६४७ यांच्याजवळ असल्यास तो कोठेतरी एक, दोन वा चार बाइटांत साठविला जात असावा. समाप्तीच्या खुणेमुळे किंवा राखीव जागेमुळे प्रत्यक्ष मर्यादा अशा आकड्याहून एक-दोनने किंवा थोडी अधिक कमी असू शकते. व्हिज्युअल फॉक्सप्रोमधील मजकुराची १,६७,७७,१८४ ही वर उल्लेखिलेली मर्यादा तीन बाइटांत मावणाऱ्या १,६७,७७,२१६ किंमतींपेक्षा ३२ ने कमी आहे. १,००० किंवा ५०० सारखा पूर्णांक बहुधा रचनाकाराने जाणूनबुजून ठरविलेला असतो. दर खेपेस बदलणारा आकडा स्मृतीकडे बोट दाखवितो.

आकडा मिळाला, तरी तो कशाचा हे ठरवावयाचे राहते. त्यासाठी एका वेळी एकच गोष्ट बदलतात. समजा, एका भाषेत आज्ञेची एकूण लांबी ८,१९२ वर्णांपुरती मर्यादित आहे. स्वल्पविरामासह आठ वर्णांची मूल्ये घेतल्यास आज्ञा सु. १,००० मूल्यांवर अडेल व मर्यादा १,००० मूल्यांची आहे, असा समज होईल. चार वर्णांची मूल्ये घेऊन तोच प्रयोग केल्यास ती सु. २,००० मूल्यांवर अडेल. मूल्यांचा आकार बदलल्यावर संख्या बदलली, तर मर्यादा लांबीची. न बदलल्यास संख्येची. हा एक प्रयोग न केल्यामुळे अनेक चुकीच्या समजुती रूढ होतात.

पुढची पायरी म्हणजे मर्यादा कोणत्या थरात आहे, हे पाहणे. आज्ञा वापरणाऱ्याच्या पडद्यापासून नोंदींच्या फाइलीपर्यंत जाताना आज्ञा टंकण्याचे साधन, जोडणीचा दुवा, जाळे व मुख्य प्रणाली अशा अनेक थरांतून जाते. ओरॅकलबरोबर मिळणारे ‘एसक्यूएल प्लस’ हे साधन जुन्या आवृत्त्यांत २,४९९ वर्णांपेक्षा लांब ओळ नाकारीत असे. मुख्य प्रणालीला मात्र तीच आज्ञा अनेक ओळींत विभागून दिल्यास चालत असे. एका साधनातून अडलेली आज्ञा दुसऱ्या साधनातून चालवून पाहणे, हा थर ओळखण्याचा सोपा मार्ग होय.

निमूट गळतीच्या मर्यादा या पद्धतीने सापडत नाहीत, कारण तेथे अडणे असे काही नसतेच. त्यांच्यासाठी हिशेबतपासनिसाची रीत उपयोगी पडते. पाठविलेल्या व साठविलेल्या नोंदींची संख्या, रकमेच्या रकान्याची बेरीज, सर्वांत लांब मूल्याची लांबी व शेवटची नोंद या चार गोष्टी दोन्ही बाजूंनी ताडून पाहतात. मजकुराच्या शेवटी ओळखीची खूण मुद्दाम घालून ती पलीकडे पोहोचली का, हेही पाहतात. सर्वांत लांब मूल्याची लांबी नेमकी २५४ किंवा १,०२४ यांसारखी आढळली व त्याच लांबीची अनेक मूल्ये असली, तर ती बहुधा तुटलेली असतात.

शेवटी निष्कर्ष लिहून ठेवतात. त्यात प्रणालीचे नाव व आवृत्ती, दिनांक, प्रयोगाची आज्ञा, चाललेला सर्वांत मोठा आकार व अडलेला सर्वांत लहान आकार यांचा समावेश असावा. आवृत्ती बदलल्यावर तोच प्रयोग पुन्हा करता येतो.

उपाय : मर्यादा सापडल्यावर ती वाढविणे हा नेहमीच योग्य उपाय नसतो. काही मर्यादा संरक्षणासाठी असतात. एखाद्याने हेतुपुरस्सर पाठविलेल्या अतिप्रचंड आज्ञेने प्रणाली बंद पडू नये, हा त्यांचा उद्देश असतो.

आज्ञेचे तुकडे करणे हा सर्वांत प्रचलित उपाय होय. पण त्यात दोन धोके असतात. नोंदी बदलणाऱ्या आज्ञेचे दहा तुकडे केले व चौथा तुकडा अडला, तर पहिल्या तीन तुकड्यांतील नोंदी बदललेल्या व उरलेल्या जुन्याच, अशी अर्धवट अवस्था निर्माण होते. म्हणून सर्व तुकडे एकाच व्यवहारात बांधतात, म्हणजे एक अडल्यास सर्वच मागे घेता येतात. दुसरा धोका तर्काचा आहे. ‘यादीत असलेले’ या अटीचे दोन तुकडे ‘किंवा’ या शब्दाने जोडावे लागतात. ‘यादीत नसलेले’ या अटीचे तुकडे मात्र ‘आणि’ या शब्दाने जोडावे लागतात. तेथे ‘किंवा’ वापरल्यास, एकही मूल्य दोन्ही तुकड्यांत नसल्यामुळे, कोणतेही मूल्य किमान एका तुकड्यात नसतेच आणि वगळावयाच्या नोंदींसह सर्व नोंदी निवडल्या जातात. अशी आज्ञा मर्यादा ओलांडत नाही. चुकीचे उत्तर देते.

लांब याद्यांसाठी अधिक चांगला उपाय म्हणजे मूल्ये एका तात्पुरत्या तक्त्यात भरून त्याची मूळ तक्त्याशी जोडणी करणे. मूल्ये आज्ञेतून निघून नोंदींत जातात व आज्ञा लहानच राहते. तात्पुरत्या तक्त्यातील मूल्ये मात्र पुनरावृत्त नसावीत. यादीत एक मूल्य दोनदा आल्याने उत्तर बदलत नाही, पण जोडणीत त्याच नोंदी दोनदा येतात व बेरजा फुगतात. थेट लिहिलेल्या लांब मजकुराचे २५५ वर्णांहून लहान तुकडे करून ते चलात जोडणे, हा व्हिज्युअल फॉक्सप्रोमधील नेहमीचा मार्ग होय. कोणत्याही उपायात सापडलेल्या मर्यादेच्या अगदी काठावर काम न करता पुरेसे अंतर राखणे इष्ट असते.

देवनागरी मजकूर : मर्यादा वर्णांत मोजली जाते की बाइटांत, हा प्रश्न मराठीसारख्या भाषांच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे. रोमन लिपीतील साधा वर्ण एका बाइटात मावत असल्यामुळे हा फरक इंग्रजी मजकुरात जाणवत नाही. भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये प्रमाणित झालेल्या इस्की या संकेतपद्धतीतही प्रत्येक चिन्हाला साधारणतः एकच बाइट लागे. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेच्या जिस्ट तंत्राने ही पद्धती वापरून लहान संगणकांवर देवनागरीत काम करण्याची सोय झाली. युनिकोडच्या यूटीएफ-८ या संकेतात मात्र देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. काना, मात्रा, उकार व हलन्त ही चिन्हेही त्यात स्वतंत्रपणे मोजली जातात. ‘पुरुषोत्तम’ हे नाव वाचताना पाच अक्षरांचे आहे. संकेतात ते दहा चिन्हांचे व तीस बाइटांचे होते. २० बाइटांच्या रकान्यात त्याचे ‘पुरुषो’ एवढेच पूर्णपणे मावते व त्यापुढील ‘त’ दोन बाइटांनंतर तुटून निरर्थक खूण उरते. २५४ बाइटांच्या रकान्यात ८४ चिन्हे मावतात, तर पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये रकान्याचे देवनागरी नाव २१ चिन्हांपुरते राहते. जुन्या इस्की नोंदी युनिकोडमध्ये आणताना रकान्यांची रुंदी बाइटांत मोजली जात असेल, तर ती तिप्पट करावी लागते. शिधापत्रिका, सात-बारा किंवा मतदारयादी यांसारख्या नोंदींत नावाचे शेवटचे अक्षर गळणे म्हणजे माणसाची ओळखच बदलणे होय. म्हणून अशा रूपांतरात सर्वांत लांब नावे आधी तपासावी लागतात.

महत्त्व : निमूट मर्यादेचे गांभीर्य दाखविणारी सर्वज्ञात घटना २०२० मध्ये इंग्लंडमध्ये घडली. करोनाच्या चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करताना पब्लिक हेल्थ इंग्लंड या संस्थेने जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइली वापरल्या. हे साधन डेटाबेस-भाषा नव्हे. परंतु मर्यादेचे स्वरूप तेच होते. या फाइलीत ६५,५३६ ओळीच मावतात व एका रुग्णासाठी अनेक ओळी लागत होत्या. त्यामुळे २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ बाधितांची नोंद रोजच्या आकडेवारीतून गळली. बाधितांना त्यांचे निष्कर्ष मिळाले होते; पण त्यांच्या संपर्कात आलेल्या लोकांचा शोध घेण्याचे काम त्या दिवसांत मागे पडले. प्रत्येक थरातील आज्ञा आपापल्या परीने पार पडत होती. पाठविलेल्या व मिळालेल्या ओळींची संख्या ताडून पाहण्याची पायरी तेवढी राहून गेली होती.

संगणकांची स्मृती व वेग वाढल्याने अनेक जुन्या मर्यादा सैल झाल्या आहेत. तथापि मोजण्यासाठी वापरलेली प्रत्येक संख्या ठरावीक बाइटांत लिहिली जाते, तोवर मर्यादा पुढे सरकतात, नाहीशा होत नाहीत. त्यामुळे आज्ञेबरोबरच तिच्या उत्तराची मोजदाद करणारी आज्ञा लिहिणे, हा डेटाबेस-भाषांतील कार्यक्रमणाचा आवश्यक भाग मानला जातो.